आठ महिन्यांचा अर्थ

कर्करोगाचे निदान घरात येते, तेव्हा त्याच्या पाठोपाठ एक आकडाही येतो. हा आकडा कधी डॉक्टरांनी स्पष्टपणे उच्चारलेला असतो, कधी नातेवाइकांनी फारच आग्रह करून त्यांच्याकडून काढून घेतलेला असतो, तर कधी कोणा शेजाऱ्याने आपल्या ओळखीच्या दुसऱ्याच रोग्यावरून अंदाजाने बांधलेला असतो. ‘सहा महिने’, ‘फार तर एक वर्ष’ असे शब्द स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलले जातात. रोग्यापासून ते लपवून ठेवण्याची शिकस्त होते. परंतु घरच्या मंडळींच्या चेहऱ्यांवरून रोग्याला ते बहुधा पहिल्याच दिवशी कळून चुकलेले असतात. इंदुरातील कित्येक कुटुंबे असे ओझे उराशी घेऊन अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस निघतात आणि दुसऱ्या दिवशी परळच्या टाटा रुग्णालयाच्या दाराशी जाऊन उभी राहतात. त्यांच्या सामानात तपासण्यांचे कागद असतात, जमवलेले पैसे असतात, घरचा डबा असतो. आणि तो आकडाही असतो.

हा आकडा म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. सटवाईने कपाळी लिहिलेला लेख जसा पुसता येत नाही असे जुने लोक मानीत, तसाच काहीसा हा आकडा आहे अशी समजूत असते. या समजुतीचा खरेखोटेपणा एका माणसाने स्वतःच्या देहावर पारखून पाहिला. तो माणूस इंदूरचा नव्हे, भारतातलाही नव्हे; परंतु त्याने जे दाखवून दिले, ते इंदुरातल्या घरालाही तितकेच लागू पडते. त्याचे नाव स्टीफन जे गूल्ड.

गूल्ड यांचा जन्म न्यूयॉर्क येथे १९४१ साली झाला. पाच वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना तेथील निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात नेले आणि डायनोसॉरचा प्रचंड सांगाडा पाहून त्या मुलाने आपला जीवनक्रम जणू तेथेच ठरवून टाकला. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात जीवाश्मशास्त्राचे अध्यापक झाले. बहामा बेटांवरील गोगलगायींच्या शंखांची मापे घेण्यात त्यांनी वर्षानुवर्षे घालवली. एकाच जातीच्या गोगलगायींतही कोणता शंख उंच, कोणता बुटका, कोणता जाड, कोणता नाजूक असे असंख्य भेद असतात. या भेदांचा हिशेब मांडावयाचा तर संख्याशास्त्राचा आश्रय घ्यावा लागतो. गोगलगायींच्या निमित्ताने शिकलेली ही विद्या एके दिवशी आपल्याच प्राणांसाठी उपयोगी पडणार आहे, याची त्यांना तेव्हा कल्पना असणे शक्य नव्हते.

१९८२ सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गूल्ड यांच्या पोटात मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग असल्याचे आढळून आले. पोटातील आतडी, यकृत इत्यादी अवयवांवर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर एक पातळ अस्तर असते. वैद्यकाच्या मराठी परिभाषेत त्याला पर्युदर असे म्हणतात. गूल्ड यांचा रोग या अस्तराचा होता. हा रोग फार विरळा. ॲसबेस्टॉसच्या तंतूंशी त्याचे नाते असल्याचे १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी दाखवून दिले होते. तंतू शरीरात गेल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत वीस, तीस, कधी चाळीस वर्षेही लोटतात. पोटात एखादी गाठ असावी आणि ती कापून काढावी, असा हा सरळ प्रकार नव्हे. अस्तरावर जागोजाग पसरत जाणारा हा रोग हाती लागतो, तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर गूल्ड यांनी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारले, की या रोगावर वाचण्याजोगे उत्तम शास्त्रीय वाङ्मय कोणते? बाईंनी मोठ्या शहाणपणाने उत्तर दिले, की वाचण्यासारखे असे विशेष काही नाही. ज्याचा जन्म पुस्तकांत गेला त्याला असे सांगणे, म्हणजे तहानलेल्या माणसाला विहिरीकडे पाहू नकोस म्हणण्यासारखेच होय. हिंडण्याफिरण्याची शक्ती येताच गूल्ड हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले आणि त्यांनी त्या रोगावरील लेख शोधून काढले. तेव्हा बाईंच्या उत्तराचा उलगडा त्यांना झाला. सर्व लेखांचे तात्पर्य एकच होते: रोग असाध्य आहे, आणि निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आहे आठ महिने.

पाऊण घटकाभर ते सुन्न बसून राहिले. मग त्यांची बुद्धी हळूहळू कामाला लागली आणि त्यांनी स्वतःला विचारले, की आठ महिने हा मध्यक आहे, म्हणजे काय?

येथे थोडे गणित पाहणे अवश्य आहे. ते शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. समजा, एका रोगाचे अकरा रोगी आहेत, आणि निदानानंतर ते अनुक्रमे १, २, ३, ५, ७, ८, १०, १५, ३०, ८० आणि १६९ महिने जगले. या ओळीत मधोमध उभा असलेला रोगी सहावा. तो आठ महिने जगला. त्याच्या अलीकडे पाच, पलीकडे पाच. म्हणून या अकरा जणांचा मध्यक आठ महिने झाला. आता याच अकरा जणांच्या महिन्यांची बेरीज करून सरासरी काढली तर ती तीस महिने येते. रोगी तेच, आयुष्ये तीच. परंतु एका रीतीने ‘आठ महिने’ म्हणावे, तर दुसऱ्या रीतीने ‘अडीच वर्षे’ म्हणावे! आणि मौज अशी, की अकरावा रोगी १६९ महिन्यांऐवजी चाळीस वर्षे जगला असता, तरीही मध्यक आठ महिनेच राहिला असता. मधल्या माणसाला शेवटच्या माणसाची दाद नसते.

या ओळीकडे आणखी एकदा पाहावे. मधल्या रोग्याच्या अलीकडच्या पाच जणांना शून्यापासून आठ महिन्यांपर्यंतच्या अरुंद जागेत दाटीवाटीने उभे राहावे लागते, कारण शून्याच्या अलीकडे कोणालाच सरकता येत नाही. पलीकडच्या पाच जणांना मात्र अशी भिंत नाही. त्यांची ओळ दहा महिन्यांपासून निघते आणि वर्षांमागून वर्षे पुढे जात राहते. गूल्ड यांनी वाचलेल्या लेखांतही नेमके हेच चित्र होते. निम्मे रोगी आठ महिन्यांच्या आत गेले होते, हे खरे. परंतु उरलेल्या निम्म्यांपैकी काहींचे आयुष्य पुष्कळ लांबवर पसरलेले होते. ‘आठ महिन्यांनी मृत्यू’ असे त्या लेखांत कोठेही लिहिलेले नव्हते. तसे वाचले होते ते भीतीने.

माळव्यात एका हिशेबनीसाची गोष्ट सांगतात. कुटुंबासह नदी उतरून जाताना त्याने ठिकठिकाणी पाण्याची खोली मोजली, तिची सरासरी काढली, आपल्या माणसांच्या उंचीची सरासरी काढली, आणि पाणी उंचीपेक्षा कमी भरते असे पाहून सर्वांना नदीत घातले. हिशेब बिनचूक होता. कुटुंब मात्र बुडाले. सरासरी किंवा मध्यक खोटा नसतो, परंतु कोण कोठे उभा आहे हे तो सांगत नाही, एवढाच या गोष्टीचा बोध. हिशेबनिसाने आकड्यावर विसंबून नको तेथे धीर धरला. कर्करोगाच्या घरात त्याच आकड्यावर विसंबून नको तितका धीर सोडला जातो. चूक एकाच जातीची आहे. गोगलगायींचे शंख मोजणाऱ्या गूल्ड यांना हे पक्के ठाऊक होते, की मधला शंख ही मोजणाऱ्याच्या सोयीची कल्पना आहे. निसर्गात खरे असतात ते निरनिराळे शंख.

यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. आपण त्या ओळीच्या अलीकडच्या भागात असण्याचा संभव अधिक, की पलीकडच्या? त्यांनी आपली परिस्थिती एकेका बाबीने तपासून पाहिली. वय तरुण होते. रोग त्यामानाने लवकर ध्यानात आला होता. उत्तम वैद्यकीय उपचार हाताशी होते. जगण्याची इच्छा दांडगी होती. शिवाय, त्यांच्यावर नव्याने प्रयोगात आलेले उपचार व्हावयाचे होते. आणि ग्रंथालयातला आकडा तर जुने उपचार घेतलेल्या रोग्यांचा होता. उपचार बदलले की ओळही बदलण्याचा संभव असतो. हा सारा विचार करून आपल्याला पुष्कळ काळ मिळू शकेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ही भाबडी आशा नव्हती. पुरावा पाहून काढलेले ते अनुमान होते.

उपचार सुखाचे नव्हते. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, औषधांचे दीर्घ सत्र झाले. मळमळ आणि उलट्यांनी देह खंगून गेला. परंतु गूल्ड यांच्या वीस वर्षांच्या कहाणीत खरी विलक्षण गोष्ट आहे ती त्यांच्या कामाची. ‘नॅचरल हिस्टरी’ नावाच्या मासिकात ते १९७४ सालच्या जानेवारीपासून दरमहा एक निबंध लिहीत असत. आजारपणाच्या अत्यंत कठीण महिन्यांतही या निबंधमालेत खंड पडला नाही. २००१ सालच्या जानेवारीत ती त्यांनी संपवली, तेव्हा निबंधांची संख्या तीनशे भरली होती. याच काळात त्यांचे गाजलेले ग्रंथ प्रसिद्ध झाले. हार्वर्डमध्ये त्यांचे अध्यापन चालू राहिले. बॉस्टन येथील एका गायकवृंदात ते गात असत. बेसबॉल या खेळावरचे त्यांचे प्रेमही यत्किंचित कमी झाले नाही. १९८५ साली त्यांनी आपल्या रोगाविषयी आणि त्या आठ महिन्यांच्या आकड्याविषयी एक छोटा निबंध लिहिला. तो अनेक देशांतील रोग्यांनी आणि डॉक्टरांनीही वाचला आणि आजही वाचला जातो.

२००२ सालच्या मार्च महिन्यात उत्क्रांतिशास्त्रावरील त्यांचा चौदाशेहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ बाहेर पडला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० मे रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी ते निधन पावले. मृत्यूस कारण झाला तोही कर्करोगच. परंतु तो फुप्फुसात उद्भवलेला वेगळा रोग होता, पोटातला जुना रोग नव्हे. आठ महिन्यांचा मध्यक असलेल्या रोगानंतर ते सुमारे दोनशे अडतीस महिने जगले होते.

येथे दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. एका माणसाची अशी कहाणी ऐकली, की मनोबल असले म्हणजे कर्करोग बरा होतो असे म्हणण्याचा मोह पडतो. या मोहात एक मोठा अन्याय दडलेला आहे. मध्यकाच्या अलीकडे गेलेले जे निम्मे रोगी, त्यांच्या अंगी काय धैर्य नव्हते? त्यांना काय जगावयाचे नव्हते? लहान मुलांच्या आयांना, कर्त्या मुलांना, अतिशय हसतमुख माणसांनाही हा रोग नेतो. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला ‘त्याने धीर सोडला’ असे सुचवणे हे अज्ञान तर आहेच, परंतु क्रौर्यही आहे. प्रसन्न वृत्तीचा उपयोग होतो, असे गूल्ड यांचेही मत होते. तथापि ती वृत्ती हुकूम देऊन निर्माण करता येत नाही, हेही त्यांना मान्य होते. प्रसन्न वृत्तीने रोगी औषधे वेळेवर घेतो, प्रश्न विचारतो, दिवस उपयोगात आणतो. एवढे निश्चित म्हणता येते. त्यापुढचे श्रेय उपचारांना आणि रोगाच्या स्वभावाला दिले पाहिजे.

आणखी एक धोका आहे. ओळीच्या अगदी पलीकडच्या टोकाशी उभा असलेला एखादा रोगी पुढे करून, ‘आमच्या काढ्याने हा वाचला’ असे सांगणारे लोक प्रत्येक शहरात असतात. त्या काढ्यावाचूनही ती ओळ तशीच लांब असते, हे ज्याला कळले तो अशा माणसांच्या हाती आपले पैसे आणि आपला मोलाचा वेळ देणार नाही. मध्यकाचा अर्थ समजला म्हणजे जसे अकारण भय जाते, तशी अकारण भुरळही जाते.

आकडे स्थिर नसतात, याचे प्रत्यंतर गूल्ड यांच्याच रोगात पुढे आले. पर्युदरावरील रोग शस्त्रक्रियेने शक्य तितका काढून टाकावयाचा, आणि त्याच वेळी पोटाच्या पोकळीत कोमट केलेले औषधी द्रावण फिरवावयाचे, अशी एक उपचारपद्धती काही तज्ज्ञ केंद्रांतून रूढ झाली. अशा रीतीने उपचार झालेल्या ४०५ रोग्यांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा मध्यक त्रेपन्न महिने भरला. हे रोगी एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसू शकतील असे निवडलेले होते, त्यामुळे जुन्या आठ महिन्यांशी या आकड्याची सरळ तुलना करता येणार नाही. परंतु ज्या रोगासमोर ‘असाध्य’ एवढाच शब्द लिहिला जात असे, त्याच रोगाचे निवडक रोगी साडेचार वर्षांच्या आसपासचा मध्यक गाठू लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

असे आकडे आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी घरोघरच्या आणि रुग्णालयांतील नोंदी चिकाटीने गोळा करते, तेव्हा ते मिळतात. आपल्या देशात मुंबई शहरातील कर्करोग्यांची पद्धतशीर नोंदवही १९६३ साली सुरू झाली. खेड्यांतील रोग्यांची पहिली नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. आणि इंदूरच्या शेजारी भोपाळ येथे १९८८ पासून अशी नोंद होऊ लागली. ज्या समाजात नोंद नाही, त्या समाजाला दुसऱ्यांच्या आकड्यांवरून आपले भविष्य वाचावे लागते.

बार्शीच्या रुग्णालयाला नाव आहे ते अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उपचार घेऊन त्या १९८१ साली मे महिन्यात निवर्तल्या. त्यांची भूमिका २०१८ सालच्या ‘संजू’ या चित्रपटात मनीषा कोईराला यांनी केली. या मनीषाबाईंना २०१२ सालच्या नोव्हेंबरात अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले होते. रोग बराच पुढे गेला होता. न्यूयॉर्क येथे त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि औषधांचे दीर्घ उपचार झाले. त्या पुन्हा चित्रपटांत कामे करू लागल्या, आणि आपल्या आजाराविषयी त्यांनी पुस्तकही लिहिले. पोटातील कर्करोगाने गेलेल्या एका अभिनेत्रीची व्यक्तिरेखा, पोटातीलच कर्करोगातून उठलेल्या दुसरीने उभी करावी, हा योग हृदयस्पर्शी आहे. दोघींपैकी एक शूर आणि दुसरी भित्री, असे कोणीही म्हणणार नाही. दोघी एकाच लांब ओळीत निरनिराळ्या ठिकाणी उभ्या होत्या.

मग ज्या घरात हा प्रसंग आला असेल, त्याने काय करावे? प्रथम, रोग्याला त्याच्याच आयुष्याच्या विचारातून वगळू नये. गूल्ड यांना पुस्तके वाचू नका असे सुचवणाऱ्या बाईंचा हेतू प्रेमाचाच होता, परंतु त्यांच्या उपयोगी पडले ते ज्ञान. प्रत्येक रोग्याला सारेच ऐकण्याची इच्छा असेल असे नाही. कोणी थोडे विचारील, कोणी पुष्कळ. त्याला हवे तितके, त्याला समजेल अशा शब्दांत, आणि आपल्या माणसांच्या सोबतीने सांगितले जावे. मुलाने वडिलांपासून आणि वडिलांनी मुलापासून एकच गोष्ट लपवीत दिवस काढले, तर बोलावयाचे राहून जाते ते कायमचेच.

दुसरे असे, की डॉक्टरांना ‘किती दिवस?’ एवढेच विचारून थांबू नये. हा आकडा कोणत्या रोग्यांचा आहे? ते किती वयाचे होते, त्यांचा रोग कोणत्या अवस्थेत होता, त्यांना कोणते उपचार मिळाले होते? जे अधिक काळ जगले, ते किती काळ जगले? आमच्या रोग्याची परिस्थिती त्यांच्याहून कोणत्या बाबतीत वेगळी आहे? हे प्रश्न उद्धटपणाचे नव्हेत. आणि रोग हटणारा नसेल, तर वेदना कमी कशा होतील, झोप कशी लागेल, अन्न कसे जाईल, हे विचारण्यातही पराभव नाही. उरलेला काळ आठ महिन्यांचा असो की वीस वर्षांचा, तो सुसह्य असावा हा रोग्याचा अधिकारच आहे.

गूल्ड यांनी आपल्या निबंधाच्या अखेरीस बायबलमधील उपदेशकाच्या ग्रंथाचे स्मरण केले आहे. प्रत्येक गोष्टीला तिचा नेमलेला समय असतो, हा त्या ग्रंथातील विचार त्यांना मान्य होता. आपलाही धागा संपेल तेव्हा शांतपणे सामोरे जावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु समय आला आहे की नाही, हे ग्रंथालयातल्या एका मधल्या आकड्यावरून ठरवावयास ते तयार नव्हते. म्हणूनच १९८२ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी पुस्तक मिटून ठेवले आणि पुढच्या महिन्याचा निबंध लिहावयास घेतला. कॅन्सरच्या घरातही उद्याचा दिवस काही काम घेऊन येतच असतो. ते काम काय आहे, हे आकडा सांगू शकत नाही. ते त्या घरातल्या माणसांनीच एकमेकांना विचारावयाचे असते.